जुन्या संगणकावर व्हिडिओ अडखळतो तेव्हा आधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. संगणक २०११ च्या सुमाराचा, दुसऱ्या पिढीचा कोअर आय३, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, वर विंडोज १० ची ६४ बिट आवृत्ती. जुने व्हिडिओ व्यवस्थित चालतात, पण मोबाइलवर काढलेले नवे व्हिडिओ अडखळतात आणि आवाज पुढे पळतो. काही फायलींचा नुसता आवाज येतो, चित्र काळं. यूट्यूबवर १०८०पी लावलं की दम लागतो. कोडेक पॅक घालून झाले, प्लेअर बदलून झाले. आता साध्या हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी घ्यावी का, आणि या संगणकावर थोडं एडिटिंग करता येईल का?

एसएसडीचं आधी सांगतो, कारण तिथे पैसे जाणार आहेत. फक्त या तक्रारीसाठी घेऊ नका. मोबाइलचा ४के व्हिडिओ साधारण ५० मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने भरलेला असतो, म्हणजे सेकंदाला सहा-साडेसहा एमबी. दहा-बारा वर्षं जुनी हार्ड डिस्क धडधाकट असेल तर सलग वाचताना याच्या कित्येक पट वेग सहज देते. एसएसडीने विंडोज लवकर सुरू होईल, प्रोग्रॅम पटापट उघडतील, एकूण संगणक वापरायला सुसह्य होईल. पण अडखळणारा व्हिडिओ अडखळतच राहील, कारण अडचण वाचण्यात नाही, उलगडण्यात आहे.

व्हिडिओ फाइल म्हणजे घट्ट दाबून भरलेली चित्रं. ती दाबण्याची रीत म्हणजे कोडेक, आणि प्रत्येक नवी रीत कमी जागेत जास्त चित्र बसवते ती उलगडताना लागणाऱ्या आकडेमोडीच्या बदल्यात. ही आकडेमोड दोन ठिकाणी होऊ शकते. एक तर ग्राफिक्स चिपमध्ये त्यासाठीच केलेला खास भाग असतो, तो हे काम जवळजवळ फुकटात करतो. तो नसेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. आणि हा खास भाग कारखान्यातून निघताना जी रीत शिकून आला तेवढीच त्याला येते. पुढे कुठलंही सॉफ्टवेअर घालून त्याला नवी शिकवता येत नाही.

आता तुमच्या चिपचं वय बघा. एच.२६४ या कोडेकचं मानक २००३ चं, त्यामुळे २०११ च्या इंटेल ग्राफिक्सला ते येतं. डीव्हीडीचं एमपेग-२ देखील येतं. एच.२६५, ज्याला एचईव्हीसी म्हणतात, आलं २०१३ मध्ये. व्हीपी९ सुद्धा त्याच वर्षीचं. एव्ही१ तर २०१८ चं. इंटेलच्या चिपमध्ये एचईव्हीसीचं पूर्ण हार्डवेअर डिकोडिंग (म्हणजे त्या खास भागाकडून उलगडणं) २०१५ च्या सहाव्या पिढीत आलं, दहा बिटचं (म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटांचं) एचईव्हीसी आणि व्हीपी९ नीट सांभाळणारं त्याच्या पुढच्या पिढीत, आणि एव्ही१ थेट २०२० च्या अकराव्या पिढीत. तुमचे जुने व्हिडिओ एच.२६४ चे असणार, म्हणून ते चालतात. मोबाइलचे नवे व्हिडिओ बहुधा एचईव्हीसीचे आहेत. प्लेअर कितीही बदलले तरी चिप तीच राहणार.

पण हा माझा अंदाज झाला. खात्री करून घ्या. व्हीएलसीमध्ये अडखळणारी फाइल लावा आणि टूल्स मेनूमधून कोडेक इन्फर्मेशन उघडा (कंट्रोल आणि जे एकत्र दाबलं तरी उघडतं). तिथे कोडेकचं नाव, रेझोल्यूशन आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) दिसतो. शेजारच्या स्टॅटिस्टिक्सच्या पानावर किती फ्रेम गळाल्या ते सतत मोजलं जात असतं. जास्त तपशील हवा तर मीडियाइन्फो नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम घ्या. तो बिट डेप्थही (आठ बिट की दहा बिट) सांगतो आणि ती फार महत्त्वाची आहे. एच.२६४ मध्येसुद्धा दहा बिटचा एक प्रकार आहे, आणि तो नेहमीच्या वापरातली जवळपास कुठलीच ग्राफिक्स चिप हार्डवेअरने उलगडत नाही. “फाइल एच.२६४ आहे तरी का अडकते” या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा तिथे सापडतं.

त्याच वेळी टास्क मॅनेजर उघडा ठेवा. व्हिडिओ चालू असताना प्रोसेसर नव्वद-शंभर टक्क्यांवर असेल तर सगळं काम त्याच्याच डोक्यावर आहे. दहा-वीस टक्क्यांवर निवांत असेल आणि तरी अडखळत असेल, तर दोष दुसरीकडे आहे. त्याकडे पुढे येतो. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा आलेख दिसला नाही तर काही बिघडलंय असं समजू नका. तो आलेख डब्ल्यूडीडीएम (विंडोजचं ग्राफिक्स ड्रायव्हरचं मानक) २.० किंवा त्यापुढच्या ड्रायव्हरसाठीच दिसतो, आणि तुमच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्याआधीच्या काळातला आहे.

आवाज पुढे का पळतो, याचंही उत्तर यातच आहे. प्लेअर आवाजाला घड्याळ मानतात, कारण आवाज क्षणभर तुटला तरी कानाला खटकतो. प्रोसेसरला फ्रेम वेळेवर तयार करता आल्या नाहीत तर प्लेअर उशिरा आलेल्या फ्रेम टाकून देतो किंवा चित्र रेंगाळत राहतं, आणि आवाज आपला पुढे जातो. त्यामुळे ‘सिंक’ची सेटिंग हलवून हे सुटत नाही. फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर मात्र ती फाइलचीच खोड आहे. व्हीएलसीमध्ये जे आणि के या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्याने मागेपुढे करून तो जुळवता येतो. फरक वाढत जात असेल तर त्या कळांना हातही लावू नका.

आता साफसफाई. घातलेले सगळे कोडेक पॅक काढून टाका, एकही ठेवू नका. विंडोजमध्ये डायरेक्टशो नावाची एक जुनी व्यवस्था आहे. तिच्यात प्रत्येक डिकोडर (व्हिडिओ उलगडणारा प्रोग्रॅम) स्वतःचा अग्रक्रम नोंदवतो आणि फाइल उघडताना ज्याचा क्रम वर त्याला काम मिळतं. दोन-तीन पॅक एकावर एक बसले की नको तो डिकोडर पुढे घुसतो, आणि ‘आवाज आहे, चित्र नाही’ हे त्याचं ठरलेलं लक्षण. त्यात काही डिकोडर ३२ बिटचे, काही ६४ बिटचे. एका प्रकारचा प्लेअर दुसऱ्या प्रकारचा डिकोडर वापरूच शकत नाही, म्हणून एका प्लेअरमध्ये चालणारी फाइल दुसऱ्यात चालत नाही. व्हीएलसी, एमपीव्ही, एमपीसी-एचसी हे तिन्ही स्वतःचे डिकोडर बरोबर घेऊन येतात, त्यांना बाहेरच्या पॅकची गरजच नाही. एमपीसी-एचसी घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, की त्याचं मूळ काम २०१७ मध्ये १.७.१३ या आवृत्तीवर थांबलं. त्यानंतर दुसऱ्या विकसकाने पुढे चालवलेली शाखा घ्या. विंडोजचा स्वतःचा प्लेअर एचईव्हीसीसाठी स्टोअरमधून वेगळं एक्स्टेन्शन मागतो, तेही तुमच्या कामाचं नाही. चिपला जे येत नाही ते एक्स्टेन्शन घालून येणार नाही.

नंतर ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर उघडून पाहा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ लिहिलं असेल तर ग्राफिक्स चिप असून नसल्यासारखी आहे आणि साधा एच.२६४ देखील प्रोसेसरच ओढतोय. विंडोज नव्याने टाकल्यावर हे हमखास होतं. दुसऱ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्ससाठी विंडोज १० चा अधिकृत ड्रायव्हर इंटेलने काढला नाही, पण विंडोज अपडेट जो जुना ड्रायव्हर बसवतं तो व्हिडिओसाठी पुरेसा आहे. ‘सगळे ड्रायव्हर एका झटक्यात अपडेट करा’ म्हणणाऱ्या उपयुक्ततांपासून मात्र लांब राहा. जुन्या संगणकावर त्यांच्याइतकी नासधूस दुसरं काही करत नाही, हे माझं अनुभवाअंती झालेलं मत आहे. लॅपटॉप असेल तर उत्पादकाच्या साइटवर त्याच मॉडेलचा ड्रायव्हर शोधा. आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, मग आवाज, या क्रमाने बसवा.

व्हीएलसीची ३.० किंवा नंतरची आवृत्ती घ्या. २०१८ मध्ये आलेल्या ३.० पासून हार्डवेअर डिकोडिंग आपोआप चालू असतं. जुन्या इंटेल चिपवर ‘ऑटोमॅटिक’ कधीकधी चुकीचा रस्ता निवडतं आणि हिरवे पट्टे, चौकटी किंवा काळा पडदा दिसतो. तेव्हा प्रेफरन्सेसमध्ये इनपुट-कोडेक्सच्या पानावर हार्डवेअर डिकोडिंगला डीएक्सव्हीए २.० निवडा आणि व्हिडिओच्या पानावर आउटपुटला डायरेक्ट३डी९. ही जोडी त्या काळच्या चिपशी जास्त जुळते. तरीही पट्टे दिसले तर हार्डवेअर डिकोडिंग पूर्ण बंद करून पाहा. चित्र स्वच्छ झालं तर दोष ड्रायव्हरचा, तसंच राहिलं तर फाइलच खराब. इनपुट-कोडेक्सच्या पानावरच एच.२६४ चा लूप फिल्टर (चित्रातल्या चौकटी पुसणारी पायरी) वगळण्याची सोय आहे. प्रोसेसरवर भार असेल तेव्हा ती ‘ऑल’ वर ठेवली की थोडं हलकं होतं. चित्र किंचित खरखरीत दिसेल, चौकटी जाणवतील, पण चालेल. कॅशिंगचा आकडा वाढवा असं जिथे तिथे सांगतात. नेटवर्कवरून किंवा रखडणाऱ्या पेन ड्राइव्हवरून व्हिडिओ पाहत असाल तर त्याचा उपयोग, डिकोडिंग कमी पडत असेल तर शून्य.

एवढं करूनही एचईव्हीसीच्या फायली राहतातच. १०८०पी, आठ बिट, ३० फ्रेमचा व्हिडिओ तुमचा प्रोसेसर बाकी सगळं बंद ठेवून कसाबसा ओढून नेईल. ४के विसरा: त्यात १०८०पी च्या बरोबर चौपट पिक्सेल असतात, आणि ६० फ्रेमचा असेल तर तेही दुप्पट. इथे खरा इलाज मोबाइलमध्ये आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचईव्हीसी किंवा ‘हाय एफिशियन्सी’ बंद करून एच.२६४ किंवा ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा, रेझोल्यूशन १०८०पी आणि ३० फ्रेमवर आणा, एचडीआर बंद करा. फायली थोड्या मोठ्या होतील, पण पुढचे सगळे व्हिडिओ तुमच्या चिपला समजणारे असतील.

आधी काढून झालेले व्हिडिओ हँडब्रेकमधून बदलून घ्या. ‘फास्ट १०८०पी३०’ हा तयार प्रीसेट निवडा, व्हिडिओ एन्कोडर एच.२६४, गुणवत्तेचा आरएफ आकडा २० ते २३ च्या दरम्यान (आकडा लहान तेवढा दर्जा जास्त आणि फाइल मोठी), आणि फ्रेम रेटला ‘कॉन्स्टंट’. हे शेवटचं विसरू नका. मोबाइल प्रकाश आणि भार बघून फ्रेम रेट कमीजास्त करतो. प्लेअरला ते चालतं, पण बरेच एडिटर तिथे गडबडतात आणि पाच मिनिटांनंतर ओठ आणि शब्द वेगळे व्हायला लागतात. एडिटिंगमधल्या सिंकच्या तक्रारींचं मूळ मला सर्वांत जास्त वेळा इथेच सापडलं आहे. तुमच्या संगणकावर रूपांतराला व्हिडिओच्या लांबीच्या कितीतरी पट वेळ लागेल, म्हणून सगळ्या फायली क्यूमध्ये टाका आणि रात्रभर चालू ठेवा. मूळ फायली पुसू नका. रूपांतरात दर्जा थोडा तरी उतरतोच, आणि उद्या चांगला संगणक आला की मूळच लागणार.

यूट्यूबचं वेगळं प्रकरण नाही. व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेक्सच्या ओळीत एव्हीसी१ दिसलं तर एच.२६४, व्हीपी०९ म्हणजे व्हीपी९, एव्ही०१ म्हणजे एव्ही१. त्याच चौकटीत ड्रॉप झालेल्या फ्रेम मोजलेल्या दिसतात. नवे ब्राउझर यूट्यूबला “आम्हाला नवे कोडेक चालतात” असं सांगतात. ते खोटं नाही, फक्त चालवायला प्रोसेसर लागतो हे सांगत नाहीत. यावर ब्राउझरला एच.२६४ च मागायला लावणारी एक्स्टेन्शन मिळतात, एनहान्स्ड-एच२६४इफाय हे त्यांतलं माहितीचं नाव. यूट्यूब एच.२६४ मध्ये १०८०पी पर्यंतच देतं, पण तुम्हाला त्यापुढे जायचंच नाही. ६० फ्रेमचे व्हिडिओ ७२०पी वर पाहा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन चालू आहे का तेही बघा; कधीतरी कुणीतरी सांगितलं म्हणून बंद करून ठेवलेलं असतं.

ब्राउझर म्हटला की रॅम आली. ४ जीबीमध्ये विंडोज १० आणि दहा टॅब बसत नाहीत. मग विंडोज हार्ड डिस्कचा रॅमसारखा वापर करायला लागतं, डिस्क शंभर टक्क्यांवर जाते आणि व्हिडिओ थबकतो. इथे मात्र एसएसडीचा उपयोग होतो, पण त्याआधी रॅम वाढवा. सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या लावा. दोन चॅनल चालू झाले की रॅममधूनच जागा घेणाऱ्या अशा ग्राफिक्सलाही त्याचा लाभ होतो.

प्रोसेसर निवांत असूनही अडखळत असेल, तर लक्षणावरून माग काढा. पहिली दहा-पंधरा मिनिटं छान आणि मग रडगाणं सुरू, म्हणजे उष्णता. पंख्यात धूळ अडकते, थर्मल पेस्ट वाळून खडखडीत होते, आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान आणि वेग शेजारी ठेवून पाहिलं की लगेच कळतं. लॅपटॉप असेल तर पॉवर प्लॅन ‘पॉवर सेव्हर’वर अडकलेला नाही ना ते बघा, आणि चार्जर मूळचाच आहे ना हेही. काही लॅपटॉप चार्जर ओळखता आला नाही तर प्रोसेसर सर्वांत कमी वेगावर बांधून ठेवतात, आणि माणूस महिनोन्‌महिने सॉफ्टवेअरला दोष देत बसतो.

व्हिडिओ दरवेळी नेमक्या एकाच जागी थांबत असेल तर ती फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. कॉपी होतानाच अडकली किंवा चूक आली तर डिस्क जातेय. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे (डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयित जागांचे) आकडे पाहा आणि त्याच दिवशी बॅकअप घ्या, व्हिडिओचं नंतर बघू.

आवाज कडकडत असेल, मध्येच टिचत असेल, तर आवाजाच्या ड्रायव्हरइतकाच वाय-फायचा ड्रायव्हरही संशयित असतो. लेटन्सीमॉन हा मोफत प्रोग्रॅम थोडा वेळ चालवला की कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय ते तो सांगतो. आवाजाच्या गुणधर्मांमध्ये ‘एन्हान्समेंट्स’ बंद करा. रिअलटेकचा जुना ड्रायव्हर त्रास देत असेल तर मायक्रोसॉफ्टचा साधा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ बसवून पाहा. फीचर कमी, पण कटकटही कमी. आवाज अजिबातच येत नसेल तर पहिल्यांदा टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आउटपुट कुठे चाललाय ते बघा. एचडीएमआय लावलं की विंडोज आवाज बिनस्पीकरच्या मॉनिटरकडे पाठवून मोकळं होतं.

सबटायटलमध्ये देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसला तर एन्कोडिंगची चूक; फाइल नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि व्हीएलसीतही तेच निवडा. रिकाम्या चौकटी दिसल्या तर फॉन्ट. निर्मला यूआय निवडा.

आता एडिटिंग. दाविंची रिझॉल्व्हचं नाव कुणी सुचवेल, पण त्याला ताकदीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, तुमच्याकडे ते सुरूही होईल की नाही शंका. नुसतं कापायचं आणि जोडायचं असेल तर लॉसलेसकट किंवा एव्हिडेमक्स घ्या. हे व्हिडिओ पुन्हा एन्कोड न करताच कापतात, त्यामुळे तासाभराची फाइलही झटकन हातावेगळी होते आणि दर्जा जराही उतरत नाही. मर्यादा एवढीच, की काप की-फ्रेमवर (मधूनमधून येणाऱ्या पूर्ण चित्रावर) बसतो, म्हणजे तुम्ही दाखवलेल्या जागेच्या थोडा अलीकडे-पलीकडे. शीर्षकं, संगीत, दोन-तीन थर हवे असतील तर शॉटकट किंवा केडीएनलाइव्ह वापरा आणि पहिल्याच दिवशी प्रॉक्सी चालू करा. प्रॉक्सी म्हणजे प्रत्येक फाइलची हलकी, लहान प्रत. तुम्ही तिच्यावर काम करता आणि शेवटचा एक्स्पोर्ट मूळ फाइलमधून होतो. प्रॉक्सी तयार व्हायला वेळ जातो, पण नंतर टाइमलाइन सरकवताना संगणक गोठत नाही. आवाजाचं काम ऑडॅसिटीत करा, त्याला हा संगणक पुरून उरतो.

स्क्रीन रेकॉर्डिंग करणार असाल तर ओबीएसमध्ये ७२०पी, ३० फ्रेम आणि एक्स२६४ चा ‘अल्ट्राफास्ट’ प्रीसेट. रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये करा. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली किंवा प्रोग्रॅम कोसळला तर सगळी फाइल हातची जाते. एमकेव्हीत तोवरचं वाचतं. नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूमधल्या ‘रीमक्स’ने काही क्षणांत एमपी४ करून घ्या.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून लिनक्सचा विचार मनात येईल. जरूर करा, मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबीत बरीच सुटसुटीत चालते; बसवल्यावर मेनूमधून मल्टिमीडिया कोडेक्स टाकून घ्या. हार्डवेअर डिकोडिंगसाठी तुमच्या पिढीला व्हीए-एपीआयचा (लिनक्समधली हार्डवेअर डिकोडिंगची व्यवस्था) जुना आय९६५ ड्रायव्हर लागतो. नवा आयएचडी ड्रायव्हर २०१४ च्या ब्रॉडवेल आणि त्यापुढच्या चिपसाठी आहे. तो बसवला तर काहीच चालणार नाही. लिनक्सने रॅम मोकळी होईल, चिपला एचईव्हीसी येणार नाही.

यातून पैसे खर्चून बाहेर पडायचंच असेल आणि संगणक डेस्कटॉप असेल, तर एनव्हिडियाच्या जीटी १०३० सारखं छोटं ग्राफिक्स कार्ड बघा. ते ३० वॉटच्या आसपास वीज घेतं, वेगळी पॉवर केबल मागत नाही, आणि दहा बिटचं एचईव्हीसी व व्हीपी९ दोन्ही हार्डवेअरने उलगडतं. एव्ही१ त्याला येत नाही, आणि त्यात एन्कोडर (व्हिडिओ दाबून भरणारा भाग) नाही, म्हणजे एक्स्पोर्टचा वेग वाढणार नाही. घेण्याआधी तुमच्या मदरबोर्डच्या जुन्या बायोसशी (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमशी) ते जुळतं का, याची खात्री करा. लॅपटॉप असेल तर हा मार्ग बंद. मग मोबाइलची सेटिंग आणि हँडब्रेक, एवढ्यावरच भागवायचं.